पाठीतला आठवा मणका

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर पापनाशमला होतं, पण अजून मी तिकडं नांदायला गेले नव्हते. आमच्यात मुलगी वयात येईपर्यंत माहेरीच राहायची. तंजावरच्या राजवाड्यामागच्या एका बोळात आमचं कौलारू घर होतं. वडील कचेरीत कारकून होते. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि अण्णाच्या पुस्तकांत इंग्रजी, असं आमचं चाललं होतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गावातच डॉक्टरीचं शिकत होता. दुसऱ्या वर्षाला त्यानं माणसाची हाडं विकत आणली. गोणपाटाच्या पोत्यात बांधून आणली होती, आणि पोतं त्यानं सरळ कूडमात, म्हणजे आमच्या मधल्या मोठ्या खोलीत ठेवलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय आहे रे त्यात?"

"अभ्यासाचं आहे."

"काय आहे म्हणून विचारलं मी."

त्यानं सांगितलं. आई दोन पावलं मागं सरली. ती ओरडली मात्र नाही. तिनं विचारलं, "कुणाची आहेत?"

"कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही, आई."

"म्हणजे त्याचं कुणी क्रियाकर्मही केलं नाही," ती म्हणाली. "घरात नको. गोठ्यात ने."

गोठ्यात तेव्हा गाय नव्हती. अण्णानं तिथं एक फळी टाकून अभ्यासाची जागा केली. विटाळ म्हणून आई त्या बाजूला फिरकायची नाही, पण संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की एक पणती गोठ्याच्या उंबऱ्यावरही ठेवायची. कुणासाठी ते तिनं कधी सांगितलं नाही.

मला हाडांची भीती वाटायची नाही. मी पुस्तक हातात धरून बसायची आणि अण्णा एकेक हाड उचलून त्याचं नाव म्हणायचा. चुकला तर मला कळायचं नाही, कारण इंग्रजी मला येत नव्हतं. म्हणून तो मला मराठीत समजावून सांगायचा आणि त्यात त्याचंही पाठ व्हायचं. पाठीच्या कण्याचे मणके काथ्याच्या दोरीत ओवलेले होते. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच आणि त्याखाली एकमेकांत मुरलेले. प्रत्येक मणक्याला पुढं एक जाड गोल ठोकळा आणि मागं भोक असलेली कडी. ठोकळ्यावर ठोकळा बसतो आणि अंगाचा भार पेलतो. कडीवर कडी बसते आणि तिचं नळकांडं होतं. त्यातून मेंदूची दोरी खाली उतरते.

"आणि ही टोकं?" मी मणक्याच्या मागं आलेल्या काट्यावर बोट ठेवलं.

"तीच तुला पाठीवर हाताला लागतात."

पाठीच्या बारा मणक्यांना बारा फासळ्यांच्या जोड्या. वरच्या सात पुढं वळून छातीच्या हाडाला मऊ कुर्चेनं धरून असतात. पुढच्या तीन आपल्या वरचीला चिकटतात. शेवटच्या दोन कुणालाच धरत नाहीत, मांसात मोकळ्याच राहतात. श्वास घेतला की सगळ्या फासळ्या बादलीची कडी उचलावी तशा वर होतात आणि सोडला की खाली येतात. अण्णानं मला छातीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवायला लावले होते. "घे श्वास. लागलं हाताला?" लागलं. मला फार मजा वाटली होती.

त्याच थंडीत पाठ दुखू लागली. दिवसभर बरी असायची, तिन्हीसांजेला दुखायची. आईला वाटलं विहिरीचं पाणी ओढून धरली असेल. तिनं तेल चोळणारी बाई बोलावली. त्या बाईनं मला पालथं झोपवलं आणि दुखऱ्या जागी गुडघा देऊन दाबलं. मी किंचाळले. बाई म्हणाली, लचक निघाली. दोन दिवसांनी दुखणं वाढलं.

मार्गळीचा महिना होता. त्या महिन्यात पहाटे दारापुढं मोठमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या काढतात, तांदळाच्या पिठाच्या. मला आता कमरेत वाकून काढता येईना. मी पाठ ताठ ठेवून, गुडघे मोडून खाली बसायची आणि तशीच सरकत सरकत ठिपके घालायची. एकदा पिठाची करवंटी हातातून निसटली. ती उचलायला मी वाकले नाही. एक हात मांडीवर टेकून ताठ खाली बसले, करवंटी घेतली आणि पुन्हा मांडीवर हात रेटत उठले. अण्णा तिण्णैवर, दारालगतच्या ओट्यावर दात घासत उभा होता. त्यानं चूळ भरली आणि म्हणाला, "पुन्हा टाक ती."

"काय?"

"करवंटी. टाक आणि उचल."

मी हसून पुन्हा तसंच केलं. तो हसला नाही.

त्यानं आईला बोलावलं आणि मला आत नेऊन भिंतीकडं तोंड करून बसवलं. आई शेजारी उभी होती. त्यानं मला मान खाली घालायला सांगितली. मानेच्या मुळाशी जो उंचवटा येतो तो मानेचा सातवा. तिथून त्यानं पाठीचे मोजायला सुरुवात केली, चोळीवरून, एकेका काट्यावर बोट ठेवत. मीही मनातल्या मनात मोजत होते. आठव्याला त्याचं बोट थांबलं. तिथं काटा बाहेर आला होता. त्यानं बोटाच्या पेरानं हळूच ठोकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालंय तिला?" आईनं विचारलं.

"उद्या साहेबांना दाखवू," तो म्हणाला.

मला खरं सांगितलं त्यानंच, गोठ्यात, संध्याकाळी. मी मागंच लागले होते. त्यानं मणक्यांची माळ माझ्या हातात दिली. "पुढचा हा ठोकळा. तुझा आठवा आणि त्याच्या खालचा आतून पोखरत चाललेत. क्षय म्हणतात, तोच, फक्त हाडातला. पुढून ठोकळा खचला की मणका पुढं झुकतो. मग मागचा काटा बाहेर येतो."

"मग बाकीचे?"

"बाकीचे त्याच्यावर उभे आहेत," तो म्हणाला आणि माळ माझ्या हातातून काढून घेतली.

मला आठवतं, मी रडले नाही. दुखण्याची जागा नेमकी कळली, एवढंच वाटलं. रडू दुसऱ्या दिवशी आलं, इस्पितळात.

गोरा सर्जन म्हातारा होता आणि त्याचा हात हलका होता. त्यानं पाहिलं आणि अण्णाशी इंग्रजीत बोलला. औषध नाही, हे अण्णानं आम्हाला सांगितलं. झालेलं भरून येत नाही, दुखणं जिरून मणके एकमेकांत सांधले जाईपर्यंत पाठ हलवायची नाही, एवढाच उपाय. तीन बांबूंचं तिकाटणं होतं, त्याला कप्पी. माझ्या हनुवटीखाली आणि काखांत पट्टे घालून मला वर ओढलं. पायाचे आंगठे तेवढे जमिनीला टेकत होते. तसं लोंबकळतं ठेवून त्यांनी मला मानेपासून ओटीपर्यंत ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. प्लास्टर वाळताना गरम होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आई मला हाका मारत होती.

घरी आणून मला कूडमात फळीवर उताणं निजवलं. कूडमाच्या मधल्या उघड्या चौकातून वर आभाळ दिसायचं. उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. जेवण, पाणी, सगळं निजल्या जागी. उन्हाळा आला तसा प्लास्टरखाली घाम साचून अंग खाजायला लागलं. आई नारळाच्या झावळीची हीर घेऊन यायची, तिच्या टोकाला कापूस गुंडाळायची आणि गळ्याकडून आत सारून हळूहळू खाजवायची. एकदा मुंग्या आत शिरल्या. त्या दिवशी मी आईला वाटेल ते बोलले. ती नुसती "हो गे, हो" म्हणत हीर फिरवत राहिली.

भात तीच भरवायची. मऊ भात कालवून, रसम घालून, घासावर फुंकर घालून. भाजेल म्हणून आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची. मध्येच तिला खोकला यायचा, मग तोंड फिरवायची, पदर धरायची आणि पुन्हा घास करायची. आईचा खोकला घरात जुनाच होता. थंडीत वाढायचा, चुलीच्या धुरानं वाढायचा. तिचं अंग रोड होतं आणि तिन्हीसांजेला गाल लाल व्हायचे. बोळातल्या बायका म्हणायच्या, हिचा रंग बघा कसा खुलतो.

पापनाशमहून सासरे आले ते आषाढात. सासऱ्यांनी मला दारातूनच पाहिलं. मी मान वळवू शकत नव्हते, म्हणून मला ते दिसलेच नाहीत. मग तिण्णैवर बसून ते अण्णाशी बोलले. आवाज आत येत होता.

"चालेल का ती?"

"चालेल. पाठ मात्र वाकडी राहील."

"आणि मूलबाळ?"

"छाती दबलेली राहते अशा दुखण्यात. दम कमी पडतो. जिवाला धोका आहे."

"खरं बोललास, बरं केलंस," सासरे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वडिलांनी त्यांना कॉफी दिली, त्यांनी घेतली. दिवाळीनंतर नवऱ्याचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. तो कसा दिसायचा ते मला नीट आठवत नव्हतं. लग्नात मी खाली मान घालून बसले होते. त्याच्या पायाच्या आंगठ्याचं नख काळं होतं, एवढं आठवत होतं. तरी मी कितीतरी दिवस त्याचाच विचार करत होते. मोकळ्या राहिलेल्या दोन फासळ्यांसारखी मी आता कुणालाही धरून नाही, असं मला वाटायचं, आणि त्या वयात असलं काही सुचलं की ते घोळवत बसण्यात दिवस जायचा.

त्या सुमाराला अण्णा शेवटच्या वर्षाला होता. क्षयाचे रोगी असलेल्या खोलीत त्याची पाळी लागली होती. एक दिवस तो घरी आला आणि आई मला भरवत होती तिथं उभा राहून बघत राहिला. आईनं घास ओठाला लावला. मग खोकली.

"आई, तुझी छाती तपासू दे," तो म्हणाला.

"मला काय झालंय?"

"तपासू दे."

त्यानं नळी लावून पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, फासळ्यांवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं. उजव्या बाजूला वर तो पुन्हा पुन्हा ठोकत होता. मी आडवी पडून ते ठोकणं ऐकत होते. डाव्या बाजूचा आवाज पोकळ येत होता आणि उजव्या बाजूचा भरीव. मलाही तो फरक कळला.

आईनं पदर सारखा केला. तिनं विचारलं ते माझ्याबद्दल. "हिला हे आलं कुठून रे?"

"हवेतून येतं."

"हवेतून म्हणजे?"

"ज्याला असतं त्याच्या खोकल्यातून, थुंकीतून."

आईनं भाताच्या ताटाकडं पाहिलं. "मी फुंकर घालून भरवते तिला," ती म्हणाली. "ती लहान होती तेव्हापासून."

अण्णा काही बोलला नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं मान वळवली. आईनं हातातला घास ताटात ठेवला, ताट उचललं आणि आत गेली.

त्या दिवसानंतर ती माझ्याजवळ आली नाही.

वडिलांनी गावाकडून आत्याला बोलावून घेतलं. आत्या विधवा होती, कावेरीच्या एका कालव्याकाठच्या खेड्यात दिराच्या घरी राबत होती, आणि इथंही येऊन राबायला लागली. ती मला भरवायची, पुसायची, हीर फिरवायची. आई मागच्या खोलीत निजायची. तिची भांडी वेगळी केली होती, तिनंच. दिवसातून दोनदा ती त्या खोलीच्या दाराशी येऊन बसायची आणि तिथून मोठ्यानं विचारायची, "जेवलीस का गे?"

"जेवले."

"काय होतं?"

तिला ठाऊक असायचं काय होतं. तरी मी सांगायची. मान वळत नसल्यामुळं मला ती दिसायची नाही. आवाज यायचा आणि आवाजानंतर खोकला.

मी आत्याला म्हटलं, "आईला म्हणावं एकदा ये. नुसती बस. तोंडाला पदर लाव हवं तर."

आत्यानं सांगितलं. आई दारातूनच म्हणाली, "नको गे पोरी. जेवढं दिलं तेवढं पुरे झालं."

मी चिडले. आठ-दहा दिवस तिच्या हाकेला ओ दिली नाही. ती विचारायची तशीच विचारत राहिली, आणि माझ्या वतीनं आत्या उत्तर द्यायची. मग माझं मीच पुन्हा बोलायला लागले. आणखी बोलावं असं दोघींनाही वाटत असणार, पण चौकाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून काय बोलणार? वडील आणि आत्या मध्ये वावरत असायचे. भाताचं, आमटीचं, पावसाचं तेवढं बोलणं व्हायचं. पावसाळ्यात तिचा आवाज बारीक झाला. मग एकटा खोकलाच ऐकू यायला लागला. मग अण्णा सुट्टी घेऊन घरी राहिला.

ती सकाळी गेली. आत्या माझे केस विंचरत होती. मागच्या खोलीतून वडील बाहेर आले आणि माझ्या फळीशी उभे राहिले. आत्याच्या हातातली फणी थांबली.

मी म्हटलं, "मला उठवा."

अण्णा आला. "नाही उठवता येणार. आता कुठं सांधा धरतोय. उठलीस तर पाय जातील."

"मग तिला इकडं आणा."

त्यांनी आणलं. पण फळी उंच होती आणि तिला जमिनीवर ठेवलं होतं. मला चौकातलं आभाळ, कौलांची कड आणि माझ्यावर वाकलेली माणसं एवढंच दिसत होतं. अण्णानं माझा हात धरून खाली सोडला. बोटांना तिचे केस लागले. ओले होते, नुकतंच न्हायला घातलं होतं. मग कुणीतरी म्हणालं उशीर होतोय, आणि माझ्या बोटांखालून ती निघून गेली. दारातून नेताना पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि गल्लीत लांब जात गेला.

तेव्हा मला हुंदका आला आणि तो बाहेर पडेना. रडताना छाती उचलावी लागते. फासळ्यांना वर जायला जागा लागते. माझ्या फासळ्यांभोवती दगडासारखं प्लास्टर होतं. हुंदका आतून धडका मारायचा आणि तिथंच अडकायचा. पुरता श्वास आत येईना, आतला बाहेर जाईना. माझे ओठ निळे पडले असं आत्या नंतर सांगायची. ती घाबरून माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि म्हणत होती, "रडू नको पोरी, अगे रडू नको, मरशील." सगळे पुरुष आईबरोबर गेले होते. त्या घरात मला रडता येत नव्हतं आणि आत्या माझ्या वाटचं रडत होती. मी दात आवळून, नाकानं थोडा थोडा श्वास ओढत पडून राहिले. शेवटी रडू नुसतं डोळ्यांतून कानांत वाहत गेलं.

पुढच्या वर्षी प्लास्टर कापलं. अण्णा तोवर पास झाला होता. मोठ्या कात्रीनं त्यानंच ते कापलं. आत माझी कातडी मेलेल्या सापाच्या कातीसारखी सुटून येत होती. मला बसवलं तेव्हा घर गरगर फिरलं. मणके सांधले होते, जिथं खचले होते तिथंच. पाठीवर कुबड आलं, छाती पुढून टोकदार झाली आणि उजवीकडच्या फासळ्या ओटीच्या हाडाला टेकायला लागल्या. उंची जी तेराव्या वर्षी होती त्यापेक्षाही कमी भरली. चालायला शिकले. दोन घागरी पाणी आणलं की दम लागून बसावं लागायचं. आता पोटभर रडायला हरकत नव्हती, पण रडू आलं नाही.

आत्या आमच्याकडंच राहिली आणि तिथंच वारली. वडील निवृत्त झाले. अण्णा सरकारी नोकरीत लागला. आज रामनाडला, उद्या तिनेवेल्लीला, अशा त्याच्या बदल्या व्हायच्या. मी वडिलांसाठी रांधत राहिले.

एकदा तो येऊन परत निघाला तेव्हा मी त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. माझं वय तेव्हा तिशीच्या जवळ आलं असेल. गाडीला वेळ होता. बाकावर मी त्याच्या शेजारी बसले. माझं डोकं त्याच्या दंडापर्यंतच येत होतं. मी इतक्या वर्षांत त्याला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई लांब राहिली त्याचा मला काही उपयोग झाला का?"

"तुझ्या हाडात ते आधीच शिरलेलं होतं," तो म्हणाला. "ती जवळ बसली असती तरी तुझं त्याहून फारसं बिघडलं नसतं. निदान आता मला तसं वाटतं."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं. रोग्यापासून माणसं लांब ठेवायची, एवढंच शिकवलेलं होतं. मी तिला लांब हो असंही म्हटलं नव्हतं."

"काहीच म्हटलं नव्हतंस."

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

गाडी आली. त्यानं ट्रंक चढवली, खिडकीशी जागा धरली आणि तिथून मला म्हणाला की वडिलांना रात्री दही देऊ नकोस. मी बरं म्हटलं. गाडी सुटल्यावर बाहेर येऊन मी एक जटका, घोड्याची गाडी, केला. पायरी उंच होती, म्हणून गाडीवानानं खाली उतरून माझ्या काखांत हात घालून मला वर चढवलं.